माझं ‘अप’ राहू द्या

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांनी मला कधी छळलं नाही. इन्व्हेस्टिगेशन, कॉम्प्लिकेशन, डिस्चार्ज समरी, असले शब्द मी हॉस्पिटलात लागल्यावर पहिल्याच महिन्यात तोंडपाठ केले. मोठा शब्द सरळ असतो. एकदा अर्थ सांगितला की तिथेच राहतो. मला नडले ते चिल्लर शब्द. अप, ऑफ, आऊट, डाऊन, राउंड. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचे अर्थ चित्रासकट दिले होते. मांजर टेबलावर, मांजर टेबलाखाली, मांजर खोक्याच्या बाहेर. ते मांजर पुढे तिथून उठून कुठे कुठे जाऊन बसणार आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी मीरा रोडच्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात रिसेप्शनला आहे. मराठी माध्यमातून शिकले, मराठी घेऊन बीए केलं, राहायला गोडदेवला. काउंटरवर दिवसभरात सगळ्या भाषा येऊन जातात. भाईंदर वेस्टचे गुजराती व्यापारी, नया नगरमधल्या बायका, उत्तनचे कोळी, पुलापलीकडच्या नव्या टॉवरमधली नोकरदार जोडपी. मी ज्याच्याशी जशी जमेल तशी बोलते. इंग्रजी लागायचं ते विम्याच्या कंपन्यांशी, डॉक्टरांशी आणि परदेशातून येणाऱ्या फोनवर.

असाच एक फोन दुपारी आला. एका आजोबांचं सकाळी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांची मुलगी कॅनडातून बोलत होती. तिचं इंग्रजी भरभर होतं. आधी तिने वडिलांचं नाव सांगितलं, ऑपरेशन कुणी केलं ते विचारलं, मी सर्जनचं नाव सांगितलं. मग ती म्हणाली, “हॅज ही कम राउंड?”

हॉस्पिटलात राउंड म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते. डॉक्टरांचा राउंड. नुकतंच सर्जनचं नाव निघालेलं, त्यामुळे ‘ही’ म्हणजे सर्जनच. आणि सर्जन त्या दिवशी ऑपरेशन आटोपून दुसऱ्या हॉस्पिटलात निघून गेले होते. मी अगदी अदबीने, व्याकरण सांभाळून सांगितलं, “नो मॅडम, ही हॅज नॉट कम राउंड. टुडे ही विल नॉट कम. मे बी टुमॉरो मॉर्निंग.”

पलीकडून एक हुंदका ऐकू आला आणि फोन कट झाला. मला वाटलं, बिचारी वडिलांच्या काळजीने हळवी झालीय.

थोड्याच वेळात आजोबांचा मुलगा दुकान तसंच टाकून, पायात स्लिपर अडकवून पळत आला. तो लिफ्टसाठीसुद्धा थांबला नाही, जिन्याने वर गेला. खाली आला तो थेट काउंटरवर येऊन ओरडायलाच लागला. “मेरी बहन वहाँ रो रही है! कुणी सांगितलं तिला की पप्पा शुद्धीवर आलेच नाहीत आणि आज येणारही नाहीत?” वरती त्याचे पप्पा उशीला टेकून बसले होते आणि चहा का देत नाही म्हणून सिस्टरशी वाद घालत होते.

कम राउंड म्हणजे शुद्धीवर येणं. हे मला त्या क्षणी, शंभर डोळ्यांसमोर कळलं. मी त्यांच्यासमोर फोन लावला, त्या मुलीशी बोलले, वर जाऊन आजोबांना स्पीकरवर दिलं. ते तिच्याकडेही चहाचीच तक्रार करायला लागले तेव्हा ती रडता रडता हसली. मुलगाही निवळला. जाताना म्हणाला, “जाने दो, होता है.”

मॅडम तसं म्हणाल्या नाहीत.

मॅडम म्हणजे आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर. तेव्हा त्यांना येऊन थोडेच महिने झाले होते. आधी मोठ्या हॉटेलात होत्या. मुंबईतल्या जुन्या मराठी वस्तीत वाढलेल्या, पण हॉस्पिटलात मराठी बोलायच्या नाहीत. आमच्याशी इंग्रजी आणि मावशी-वॉर्डबॉयशी हिंदी. त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं.

“यू टोल्ड अ डॉटर दॅट हर फादर इज नॉट वेकिंग अप. डू यू अंडरस्टँड?”

“मॅडम, मला डॉक्टरांचा राउंड वाटला.”

“एक्झॅक्टली. बिकॉज यू थिंक इन मराठी.”

“पण राउंड मराठी शब्द नाही, मॅडम,” मी म्हणाले.

खरं म्हणजे मला काही उलट उत्तर द्यायचं नव्हतं. जे होतं ते तोंडातून बाहेर पडलं. पण मॅडमच्या भुवया वर गेल्या आणि त्याच दिवशी मला काउंटरवरून उचलून रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. रेकॉर्ड रूम म्हणजे तळमजल्याच्या मागच्या बाजूची खिडकी नसलेली खोली. जुन्या पेशंटांच्या फायली लावायच्या, मागतील तेव्हा काढून पुढे नेऊन द्यायच्या. माझ्या जागी नया नगरची एक मुलगी आली. इंग्रजी माध्यमात शिकलेली, चुणचुणीत, तेवीस-चोवीसची असेल. तिचा माझा काही वाद नव्हता. उलट पहिल्याच दिवशी तिने मला येऊन विचारलं, “दीदी, आपको बुरा तो नहीं लगा?” मी म्हणाले, लागलं, पण तुझं नाही.

शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्या स्टाफला मॅडमचा इंग्रजीचा तास सुरू झाला. त्या फळ्यावर लिहायच्या. कम राउंड, कम अक्रॉस, कम अप विथ, कम डाऊन विथ. समोर अर्थ. पुढच्या तासाला पाठ करून या. कम राउंड लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांनीच पाहिलं.

मी हात वर केला. “मॅडम, कम डाऊन विथ फीवर असं म्हणताना माणूस खाली का येतो? आपल्याकडे तर ताप चढतो.”

वॉर्डबॉय हसले. मॅडमना वाटलं मी थट्टा करतेय. मी करत नव्हते. मला खरंच हवं होतं ते. कारण कळल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही, लहानपणापासून.

“देअर इज नो व्हाय इन इंग्लिश,” त्या म्हणाल्या. मग, रागावल्यावर माणसाची जी भाषा असते तीच येते, तसं झालं. “आधी ते मराठी डोक्यातून काढून टाका. आणि खरं सांगू का, हे पाठ करून येत नसतं. घरातून यावं लागतं. तुमच्याकडे तसं वातावरण नसेल, आय अंडरस्टँड.”

तुमच्याकडे.

मराठीतही लहान शब्द असतात आणि त्यांचे अर्थ कुठल्या पुस्तकात दिलेले नसतात. तुमच्याकडे म्हणजे तुमच्या घरी, असा साधा अर्थ होतो. पण माझं आडनाव ऐकून झाल्यावर, आमचं गाव मराठवाड्यात कुठे ते विचारून झाल्यावर, घरात तसबीर कुणाची आहे याचा अंदाज घेऊन झाल्यावर जे ‘तुमच्याकडे’ येतं ते वेगळं असतं. ते मला पाठ करावं लागलेलं नाही. ते मला लहानपणापासून न शिकवता येतं.

माझ्या घरातून काय आलं ते सांगते. माझे वडील गावाहून आले तेव्हा त्यांना सही करता येत होती, एवढंच शिक्षण. इथे पालिकेत सफाईला लागले. मी चौथी-पाचवीत असताना भाईंदर स्टेशनपासून गोडदेवच्या आमच्या खोलीपर्यंत ते मला चालत आणायचे आणि रस्त्यातली प्रत्येक इंग्रजी पाटी वाचायला लावायचे. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या, बिल्डरांच्या. मला अर्थ कळायचा नाही, त्यांनाही नाही. मी म्हणायचे, “दादा, कळत नाही तर कशाला वाचू?” ते म्हणायचे, “वाच. त्यांनी लिवलंय ना रस्त्यावर? मग रस्त्यानं जाणाऱ्यानं वाचायचं.” वाचताना मी अडखळले तर ते थांबायचे. पाटी पूर्ण झाल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, हे ढिम्म. हे वातावरण होतं आमच्याकडे.

त्या दिवशी तासाला मी खाली बसले. पण ठरवून टाकलं की हे शब्द मी शिकणार, आणि मराठी डोक्यातून काढणार नाही.

जेवायला मी गच्चीवर जायचे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. तिथे उत्तनची एक सिस्टर यायची. वयाने माझ्यापेक्षा मोठी, ऑपरेशननंतरच्या वॉर्डात तिची ड्युटी. ख्रिश्चन कोळी घरातली. पेशंटांशी कडक, आणि जेवायला बसली की घरची भाषा बोलणारी. तिच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असली की ती मला न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात वाढायची.

“जेव आधी. तोंड कशाला पाडलंस?” तिने विचारलं. मी तासाचं सांगितलं. तेवढ्यात वॉर्डातून तिला फोन आला. “हाय, येते,” म्हणाली आणि फोन ठेवून मला म्हणाली, “कोपऱ्यातला पेशंट आराडतोय. भूल उतरली त्याची.”

“भूल उतरण्याला डॉक्टर काय म्हणतात गं?”

“विअर ऑफ झाली म्हणतात.”

“विअर म्हणजे तर कपडे घालणं.”

“घालून घालून झिजले का उतरायचेच की,” ती म्हणाली आणि डबा बंद करायला लागली. मग स्वतःच थांबली. “आणि आपली भूल तरी खय चढून बसलेली, उतरायला?”

ती खाली गेली आणि मी तिथेच बसून राहिले. भूल उतरते. ताप चढतो, उतरतो. गळा बसतो. पोट सुटतं. अंगावर पुरळ उठतं. दूध फुटतं, घाम फुटतो, पान्हा फुटतो. परक्या माणसाला सांगून बघा, गळा बसला म्हणजे कुठे बसला. मॅडम म्हणाल्या होत्या, काढून टाका. काढा आणि टाका. मराठी डोक्यातून काढून मी कुठे टाकणार होते? कचऱ्याच्या डब्यात? ते ‘टाका’ तिथे टाकण्यासाठी नव्हतंच. ते होतं, परत तोंड बघू नका, या अर्थाने. दुसऱ्या भाषेतून आलेल्या माणसाला ते ‘टाका’ तसंच छळेल, जसं मला ‘अप’ छळत होतं. म्हणजे जी गोष्ट इंग्रजी करत होती, तीच मराठी रोज करत होती, आणि माझ्या तोंडून करत होती. मला ती येत होती. फक्त येते हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत जाताना मी एकटीच पुटपुटत होते. मॅडम ‘तुमच्याकडे’ म्हणाल्या, तेव्हा त्या बोलून गेल्या का? नाही. बोलून जातो तो नकळत. त्यांनी बोलून दाखवलं. आणि मी राउंड मराठी नाही म्हणाले, ते मी बोलून टाकलं की बोलून बसले? टाकलं असेल तर मोकळं वाटायला हवं, बसले असेन तर पस्तावा व्हायला हवा. मी बराच वेळ विचार केला. मला पस्तावा वाटत नव्हता.

मग मी आणि सिस्टर रोज जेवताना हेच करायला लागलो. ती वॉर्डातून शब्द आणायची. डॉक्टर काय म्हणाले, कुणाला म्हणाले, तेव्हा पेशंटचं काय चाललं होतं. थ्रो अप. ओकारी. आपणसुद्धा तिला उलटी म्हणतो, म्हणजे उलट्या दिशेने येणारी, तेव्हा त्यांचं ‘वर फेकणं’ काही जगावेगळं नाही. पुल थ्रू म्हणजे जिवावरचं होतं त्यातून निभावून जाणं. ब्रेक आऊट म्हणजे अंगावर उठणं. पास अवे म्हणजे गेले. “गेले म्हणताना तरी आपण कुठे सांगतो का, कुठे गेले?” सिस्टर म्हणाली. काही शब्दांना जोडी मिळायची, काहींना मिळायची नाही. पुट अप विथ वर आम्ही कितीतरी दिवस अडलो होतो. ठेव, वर, सोबत. काय ठेवायचं, कुणासोबत? जुळेना तेव्हा सिस्टर म्हणायची, “मरू दे, हे त्यांचं त्यांना. आपल्याकडे पन हायत असली.”

नया नगरची मुलगीही वर यायला लागली. तिला इंग्रजी येत होतं, पण काउंटरवर बसायची तिला भीती वाटायला लागली होती. आजोबांच्या प्रकरणानंतर मॅडमनी काउंटरच्या आतल्या बाजूला, पेशंटांना दिसणार नाही पण आम्हाला दिसेल असा एक बोर्ड लावला होता : स्टाफने फक्त इंग्रजीतच बोलावं. ती म्हणायची, “दीदी, सामने वाली खाला मेरी गली की है. मैं उनसे इंग्लिश में कैसे बोलूँ? वो मुझे पागल समझेंगी.” आमचं बोलून टाकणं, बोलून बसणं ऐकून ती खूश झाली. “हमारे में भी है! बोल बैठी, बोल उठी, बोल पड़ी.” मग जेवताना तिन्ही भाषा चालायच्या. मी आयुष्यात इतकं इंग्रजी कधी शिकले नव्हते आणि इतकं मराठीही नाही.

पुढे जे झालं ते त्या बोर्डामुळे झालं.

सकाळची वेळ होती, ओपीडीला गर्दी. मी रेकॉर्ड रूममधून फायलींचा गठ्ठा घेऊन काउंटरकडे येत होते. समोर उत्तनचे एक काका उभे होते, पांढरा शर्ट, हात समुद्रावर राबून लाकडासारखे झालेले. त्यांची बायको बाजूच्या खुर्चीवर, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. मॅडम केबिनच्या काचेपलीकडून काउंटरकडे बघत होत्या.

“व्हॉट इज द प्रॉब्लेम?” मुलीने विचारलं.

प्रॉब्लेम हा शब्द सगळ्यांना कळतो. काका म्हणाले, “चक्कर येतेय तिला.”

“डिड शी पास आऊट?”

आता आपल्याकडे पास आऊट कशाला म्हणतात ते लहान मुलालाही ठाऊक आहे. कॉलेजातून पास आऊट झाला, आयटीआयमधून पास आऊट झाला. काका गोंधळले. बायकोच्या चकरेशी याचा काय संबंध, असा विचार करताना दिसत होते. मग थोडं ओशाळून म्हणाले, “न्हाय. ती शालेत गेलीच न्हाय.”

आजूबाजूचे दोघेचौघे हसले. मुलीला कळलं की त्यांना कळलेलं नाही. तिने काचेकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं. मला तिचा चेहरा अजून आठवतो. तिने कॉम्प्युटरवर ‘नाही’ टाकलं आणि त्यांना साध्या ओपीडीचा नंबर दिला. पुढे मोठी रांग होती.

मी फायली काउंटरवर ठेवल्या, बाहेर आले आणि त्या बाईंच्या पुढ्यात उकिडवी बसले.

“मावशी, बेशुद्ध पडला होतात का?”

“हाय तर,” त्या म्हणाल्या. “सकाली पडले मोरीत. मग परत ओट्याजवल. काय झाला ते माला कायच आठवत न्हाय.” आणि त्यांनी पदर बाजूला केला. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

मी व्हीलचेअर ओढून आणली. मुलगी एव्हाना काउंटरच्या बाहेर आली होती, तिने चाक धरलं. आम्ही दोघींनी मावशींना तशाच कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरना मी इंग्रजीत सांगितलं की या बाई आज दोन वेळा पास आऊट झाल्या आहेत आणि डोक्याला मार आहे. त्यांनी लगेच ईसीजीची पट्टी काढली. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. रांगेत बसल्या असत्या तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. एवढंच झालं की त्यांना रांगेत बसवलं नाही. त्याच आठवड्यात त्यांना पेसमेकर बसवला.

दुपारी मॅडमनी दोघींना बोलावलं.

“आय ॲम ग्लॅड द पेशंट इज फाइन,” त्या म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं असावं, मी ते नाकारत नाही. “बट रूल इज रूल. यू लेफ्ट युअर डिपार्टमेंट, यू स्पोक इन मराठी ॲट द काउंटर. आय वॉन्ट अ रिटन अपॉलॉजी फ्रॉम बोथ ऑफ यू. मॅटर क्लोज्ड.”

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. घरी माझी नोकरी गरजेची होती, नवरा तेव्हा नवीन कंपनीत लागलेला, लेक शाळेत. हे सगळं एकदम डोक्यात येऊन गेलं. आणि त्याच वेळी डोक्यात आलं की हे आता मराठीत बोलले तर त्या म्हणतील, बघा. मला हे त्यांच्याच भाषेत बोलायचं होतं.

“मॅडम, आय विल नॉट गिव्ह,” मी म्हणाले. “फर्स्ट टाइम माय मिस्टेक वॉज देअर. आय सेड सॉरी टू दॅट फॅमिली. टुडे नो मिस्टेक. शी फेल डाऊन, आय आस्क्ड हर इन हर लँग्वेज. आय कॅन कोप अप विथ रेकॉर्ड रूम. आय कॅनॉट कोप अप विथ दॅट बोर्ड.”

मॅडमच्या चेहऱ्यावर ते मास्तरकीचं हसू आलं. “कोप विथ. नॉट कोप अप विथ. देअर इज नो अप.”

मला ते ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर कोप अप म्हणत आले होते, आमच्या कॉलेजचे प्राध्यापकही तसंच म्हणायचे. एरवी माझे कान लाल झाले असते, मी ओठ चावून बाहेर पडले असते. पण मला दिसलं की मी एवढं बोलले, त्यातलं यांनी काय ऐकलं तर ‘अप’. एक बाई मोरीत पडली, तिचं हृदय थांबत होतं, आणि यांना दोन अक्षरं जास्त झाली.

“नसेल,” मी मराठीत म्हणाले. “तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे आहे. माझं अप राहू द्या, मॅडम.”

मग शेजारून नया नगरची मुलगी हळूच पण स्पष्ट म्हणाली, “मैं भी नहीं लिखूँगी, मैम. मुझे हिन्दी में पूछना चाहिए था.”

आम्ही बाहेर आलो. जिन्यात आल्यावर ती पायरीवरच बसली. मलाही बसावंसं वाटत होतं, पण मोठी म्हणून मी उभी राहिले.

मॅडमनी ते प्रकरण मोठ्या डॉक्टरांपर्यंत नेलं. हॉस्पिटल त्यांचं. त्यांनी आम्हाला बोलावलं, ऐकून घेतलं आणि “सगळ्यांनी समजुतीने घ्या” एवढंच म्हणाले. कुणाचीच बाजू घेतली नाही. मला राग आला, पण माफीही कुणी परत मागितली नाही. मी रेकॉर्ड रूममध्येच राहिले.

बदललं ते दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या दिवशी सकाळी नया नगरच्या मुलीने पहिल्याच पेशंटला मोठ्या आवाजात “सलाम, खाला, क्या तकलीफ है?” विचारलं. बिलिंगच्या माणसाने एका शेठना “आवो आवो” म्हणून गुजरातीत बसवलं. उत्तनच्या मावशींचे नातेवाईक भेटायला आले तेव्हा सिस्टर मुद्दाम वॉर्डातून खाली आली आणि काउंटरला टेकून सगळ्यांशी घरच्या भाषेत, दाराबाहेरच्या वॉचमनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. मॅडम केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, “गुड मॉर्निंग मॅडम” म्हणाली आणि पुढचं वाक्य परत तसंच पुरं केलं. मॅडम आत गेल्या. एका माणसाला रेकॉर्ड रूममध्ये टाकता येतं. सगळ्यांना टाकण्याएवढी ती खोली मोठी नव्हती.

बोर्ड कुणी काढला नाही. काही दिवसांनी त्याच्यावर रक्तदान शिबिराचं पत्रक लागलं, त्यावर आणखी एक. काउंटरवर दोन माणसं लागायला लागली तेव्हा मला परत पुढे आणलं. कुणी काही कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मॅडम अजून तिथेच आहेत. आमचं जमलं असं म्हणणार नाही. कामापुरतं बोलतो. त्या इंग्रजीत विचारतात, मी कधी इंग्रजीत, कधी मराठीत उत्तर देते, आणि काम होतं.

आता रविवारी सकाळी गोडदेवच्या आमच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये मी इंग्रजी शिकवते. पाटी नाही, सर्टिफिकेट नाही. विहारातल्या बायका येतात. कुणाच्या मुलाच्या शाळेतून इंग्रजीत निरोप येतात, कुणाला मॉलमध्ये काम लागलंय, एकीचा जावई परदेशात गेलाय. नया नगरची मुलगी सुट्टी असली की येते आणि उच्चार बघते, ते माझे अजून कच्चे आहेत. मी कुणाला मराठी डोक्यातून काढायला सांगत नाही. आधी विचारते, हे तुम्ही घरी कसं म्हणता? त्यावर एवढा गलका होतो की बाजूच्या बिल्डिंगमधले खिडकीतून डोकावतात. एक म्हणते अंगावर येणं, दुसरी म्हणते जिवावर येणं, तिसरी म्हणते माझं तर डोक्यावर आलंय. मग इंग्रजी शब्द सांगितला की तो कुठेतरी जाऊन बसतो. नाही बसला तर पुढच्या रविवारी बघू.

चुका होतात, माझ्याही होतात. लेक इंग्रजी शाळेत आहे, ती घरी दुरुस्त करते. बरोबर काय ते मला आता ठाऊक आहे. लिहिताना बरोबर लिहिते. बोलताना मात्र ते जास्तीचं ‘अप’ येतं आणि मी त्याला येऊ देते.

मागच्या रविवारी पुट अप विथ घेतलं. मी आणि सिस्टरने ज्यावर कितीतरी दिवस डोकं फोडलं होतं, ते एका भाजीवाल्या काकूंनी सोडवलं. मी प्रसंग सांगितला. नणंद टोमणे मारते, घरमालक पाणी सोडत नाही, साहेब ओरडतो, आणि आपण तोंड मिटून दिवस काढतो. काकू म्हणाल्या, “म्हणजे खपवून घेणं.” सगळ्यांनी माना डोलवल्या. तो शब्द सगळ्यांना फारच चांगला येत होता.

मग मागून एकीने विचारलं, “आणि ताई, खपवून घ्यायचं नसेल तर काय म्हणायचं?”

मी तिला फळ्याजवळ बोलावलं, खडू हातात दिला आणि तिच्याकडून वाक्य लिहून घेतलं. आय विल नॉट पुट अप विथ धिस. ती सावकाश लिहीत होती, एकेक अक्षर जपून. बाहेर कुणाच्या तरी मुलाने “आई, चल ना घरी” म्हणून हाक मारली. ती मान न वळवता म्हणाली, “थांब, वाक्य पुरं होऊ दे.” सगळ्या थांबल्या. तिने पूर्णविराम दिला, दोन पावलं मागे सरून ते स्वतः एकदा मोठ्याने वाचलं, आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून वाचलं.